खंडेनवमीचं डीफ्रॅग

आमची भागीदारी फाइल सिस्टीमवरून मोडली असं सांगितलं, की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हळूच विषय बदलतात. भावाभावांची बांधावरून मोडते, मित्रांची पैशावरून मोडते, हे लोकांना पटतं. माझी आणि श्रीधरची मोडली ती कॉम्प्युटरच्या डिस्कवर फायली कशा ठेवाव्यात यावरून. वीस वर्षं कधीच उलटून गेली. माझंच बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, आणि त्यालाही त्याचंच बरोबर वाटत असणार, कारण तो तसलाच आहे.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर आमचं 'कृष्णश्री कॉम्प्युटर्स' होतं. मी कृष्णा, तो श्रीधर. मी खुलताबादकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, बी.कॉम. अर्धवट सोडलेला. तो ज्योतीनगरचा, पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या आणि दप्तरं सांभाळलेल्या घरातला. सकाळी आम्ही क्लास घ्यायचो आणि दुपारी लग्नपत्रिका करायचो. पत्रिकांचं टायपिंग श्रीधरची बायको भानुमती, म्हणजे आमच्या वहिनी, करायच्या. आता माडीवर मी एकटाच असतो. लॅपटॉप दुरुस्त करतो, सीसीटीव्ही बसवून देतो आणि मोबाइलमधले फोटो गेले म्हणून रडत येणाऱ्यांवर ओरडतो. पाटीवर शहराचं नवं नाव रंगवून घेतलं, तेव्हा रंगाऱ्यानं विचारलं, दुकानाच्या नावातला 'श्री' काढू का. मी त्याच्या अंगावर असा खेकसलो, की त्यानं चहा अर्धा तसाच ठेवला.

यंदा गणपती उठल्यावर एका दुपारी श्रीधरची मुलगी सई माडीचा जिना चढून आली. लहानपणी ही आमच्या टेबलाखाली झोपायची. आता पुण्याला नोकरी करते.

"काका, ओळखलंत का?"

"बापाचं नाक घेऊन फिरती, ओळखायला काय झालं? बस."

श्रीधरचं मला माहीत होतं. मागच्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला. मी दवाखान्यात गेलो होतो. तो झोपला होता, किंवा झोपेचं सोंग घेऊन पडला होता. मी केळी ठेवून परत आलो. भागीदारी मोडल्यापासूनची ती आमची सगळ्यात लांबलचक भेट.

"बाबा मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले," सई म्हणाली. "आई भिंतीपलीकडेच होती, मिक्सर लावला होता तिनं. बाबा आतून दार बडवत राहिले. तिला ऐकूच गेलं नाही, काका. एरवी टाळ्या वाजवून बोलावतात तिला. मी बेल आणून दिली तर फेकून दिली. लिहिलं, मी काय नोकराला बोलावतोय?"

"बराबर हाय त्याचं," मी म्हणालो. श्रीधरशी मी सहसा सहमत होत नाही.

मग तिनं तिचं काम सांगितलं. फोनवर एक ॲप असतं. माणसाचा जुना आवाज त्याला ऐकवला, की पुढं आपण जे टाइप करू ते तो त्याच आवाजात बोलतो. पण त्यासाठी आवाज स्वच्छ पाहिजे आणि भरपूर पाहिजे. त्यांच्याकडे होते लग्नातले व्हिडिओ, त्यात बँड वाजत होता. "आई म्हणाली, तुम्ही दोघांनी धडे रेकॉर्ड केले होते."

केले होते.

"पण ते त्यानंच पुसले. बोलला नाय का तुला?"

"लिहून सांगितलं. जाऊ नकोस, उपयोग नाही म्हणाले. म्हणून न सांगता आलेय."

धड्यांचं सांगायचं तर आधी खंडेनवमीचं सांगायला पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर-कुळव धुतो, सुतार रंधा पुसतो, तसं आम्ही कॉम्प्युटर पुजायचो. कीबोर्डमधला कचरा काढायचा, मॉनिटर पुसायचा, झेंडूचा हार घालायचा. पण श्रीधरचं म्हणणं, हत्यार नुसतं बाहेरून साफ करून चालत नाही, आतूनही पाहिजे. म्हणून पूजेआधी डिस्क डीफ्रॅग करायची. पूजा मी करायची आणि डीफ्रॅग त्यानं, अशी वाटणी ठरून गेली. शेतकऱ्याचा पोरगा हळदकुंकू वाहतोय आणि भटजींचा नातू माउस धरून बसलाय, हे बघायला खालचे भांडीवालेसुद्धा वर यायचे.

डीफ्रॅग म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना आमच्या जमिनीवरून समजावायचो. माझ्या बापाची जमीन कागदावर एकाच नावाची, पण एक तुकडा नाल्याकडं, एक माळावर, एक विहिरीपाशी. दिवसभर बैल घेऊन या तुकड्यावरून त्या तुकड्यावर फिरायचं. आमच्या त्या वेळच्या डिस्कवर फायलींचं असंच व्हायचं. जिथं पहिली मोकळी जागा दिसेल तिथं ती फाइल कोंबायची, जागा संपली की उरलेली पुढच्या भोकात. कुठला तुकडा कुठं आहे याचा एक तक्ता डिस्कच्या सुरुवातीला असायचा. डीफ्रॅग हे सगळे तुकडे उचलून एका जागी लावायचं. पडद्यावर रंगीत चौकोन सरकत जायचे आणि आम्ही दोन-दोन तास नुसते बघत बसायचो. मध्ये कुणी माउसला हात लावला तरी ते पहिल्यापासून सुरू व्हायचं. लाईट गेली तर विचारायलाच नको. एकदा श्रीधरनं एका गिऱ्हाइकाला त्यापायी जिन्यावरून परत पाठवलं होतं, आणि तो माणूस मुलीच्या लग्नाची पत्रिका न्यायला आला होता.

त्या दिवसांत आम्हाला घाई नव्हती, असं आता वाटतं. खरं तर घाई होतीच. पण तशा दुपारी आता येत नाहीत, एवढं मात्र खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग श्रीधरला विंडोज सोडून लिनक्सचं वेड लागलं. तिथं म्हणे फायली एकमेकींना खेटून ठेवत नाहीत, वाढायला मध्ये जागा सोडतात, म्हणून तुकडेच फारसे पडत नाहीत आणि डीफ्रॅगची गरजच नाही. मी म्हणालो, असेल बाबा. पण आपलं पत्रिकांचं पेजमेकर तिथं चालत नाही, आपले मराठी फॉन्ट तिथं चालत नाहीत, आणि लग्नं काही लिनक्सवर लागत नाहीत. त्याच उन्हाळ्यात आम्ही मराठीतून कॉम्प्युटर शिकवणारी सीडी काढायला घेतली होती. समजावून सांगायचा भाग श्रीधरनं बोलायचा, हातानं करून दाखवायचा भाग मी. रोज त्यानं त्याच्या फायलीत थोडं बोलायचं, मग मी माझ्या फायलीत. आवाज येतो म्हणून पंखा बंद. चैत्र-वैशाखात त्या पत्र्याच्या माडीवर पंखा बंद करून दोन माणसं माइकसमोर घाम गाळत होती. वहिनी पलीकडच्या टेबलावर पत्रिका टाइप करता करता पदरानं वारा घ्यायच्या.

पावसाळा सरता सरता धडे तयार झाले आणि ऐकतो तर काय, श्रीधर सांगतोय की चांगल्या फाइल सिस्टीमला डीफ्रॅग लागत नाही, आणि पुढच्याच धड्यात मी सांगतोय की दर शनिवारी डीफ्रॅग करा. दोघांपैकी एकाचं कापायला हवं होतं. कुणी ऐकेना. चार दिवस भांडलो, तेही नुसतं डिस्कवर नाही. क्लासला पोरं त्याच्यामुळं येतात की माझ्यामुळं, इथपर्यंत गेलं. पाचव्या दिवशी मी दुकानात आलो तर श्रीधरनं आपली फाइल पुसली होती, रिसायकल बिनही रिकामी केली होती, आणि टेबलावर किल्ली ठेवून तो गेला होता. त्याला कॉलेजात नोकरी मिळाली. वहिनीही त्या दिवसापासून आल्या नाहीत. तेव्हा दसरा पंधरवड्यावर आला होता.

"ती डिस्क आहे अजून?" सईनं विचारलं.

"माळ्यावर. सबंध मशीन हाय." मग मी तिला बजावलं, "हे बघ, मी बसतो ह्याच्यावर. पण तो समोर पाहिजे. फाइल त्याची हाय. त्याच्या पाठीमागं मी ती उघडणार नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन रिक्षात घालून मी ज्योतीनगरला गेलो. वेळ सईनं निवडली होती. वहिनी भजनी मंडळाला गेल्या होत्या. आवाज निघाला नाही तर उगाच त्यांना आशा लावायला नको, असं ती म्हणाली.

श्रीधर वाळला होता. गळ्याला पांढरा रुमाल, हातात पांढरी पाटी आणि मार्कर. त्याचं अक्षर अजून तसंच, फळ्यावरचं. मला बघून त्यानं भुवया चढवल्या, मग मशीनकडे बघितलं आणि कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिला. कॅबिनेटवर हळदकुंकवाचे थरावर थर होते.

सईनं कशासाठी आलोय ते सांगितलं. तो तिच्यावर चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं पाटीवर एकच शब्द लिहिला आणि माझ्यापुढं धरला.

'डीफ्रॅग?'

सईला कळेना. मी तिला सांगितलं. त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाइल पुसली, की फक्त नावावर काट बसते आणि तक्त्यातले तिच्या तुकड्यांचे पत्ते जातात. माल जागेवरच असतो. पण त्यानंतर डीफ्रॅग केलं, की ते दुसऱ्या फायली उचलून त्या मोकळ्या जागांत भरतं आणि खालचा माल कायमचा जातो. श्रीधर गेला आणि पंधरा दिवसांत खंडेनवमी होती. आमच्या दुकानात खंडेनवमीला डीफ्रॅग व्हायचंच. त्याला एवढंच विचारायचं होतं, की मी त्याचा आवाज पुजून टाकला का.

"नाय केलं," मी म्हणालो.

त्यानं पाटी खाली घेतली नाही.

"अरे नाय म्हणतो ना. हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. डीफ्रॅग नाय केलं."

त्यानं खाली लिहिलं, 'का?'

हा माणूस आवाज गेल्यावरही उलटतपासणी सोडत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ते तुझं काम होतं म्हणून!" मी ओरडलोच. "पूजा माझी, डीफ्रॅग तुझं, अशी वाटणी होती का नव्हती? मी कशाला करू? म्हटलं, येईल दसऱ्याला, आपल्या हातानं करील. नाय आलास. म्हटलं, दिवाळीला येईल. मग तिच्यापुढं बसवंना मला, नवी मशीन घेतली आन् हिला वर ठेवली. दरसाल खंडेनवमीला खाली काढतो, कुंकू लावतो आन् परत वर ठेवतो. चालू नाय करत. झालं समाधान?"

सई खाली बघत होती. श्रीधरनं बाहीनं पाटी पुसली आणि उठून टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला करून मशीनला जागा करून दिली.

डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली. पहिल्यांदा फिरेचना. इतकी वर्षं थांबलेली. मी तिला तळहातावर आडवी धरून हलकेच एक झटका दिला, तेव्हा कण्हल्यासारखा आवाज करत फिरायला लागली. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढून घेतली आणि मूळ डिस्क बंद करून ठेवली. मग पुसलेली फाइल शोधली. नावाचं पहिलं अक्षर गेलं होतं, पण ती कुठून सुरू होते आणि किती लांब आहे एवढं शाबूत होतं. सॉफ्टवेअरनं तिथून सरळ पुढं वाचत जाऊन फाइल उभी केली. मी ती चालू केली.

"नमस्कार," श्रीधर म्हणाला. लॅपटॉपमधून, तीस-पस्तीस वर्षांचा, जरा नाकातून बोलणारा श्रीधर. "आज आपण फाइल म्हणजे काय ते समजावून घेणार आहोत. फाइल म्हणजे..."

"...असा धरायचा, लई घट्ट नाय," मध्येच माझा आवाज आला. "माउस हाय, पळून नाय जात."

"...एकाच नावाखाली ठेवलेली माहिती. ही माहिती डिस्कवर..."

"...आता डाव्या बोटानं दाबा. डावं म्हटलं मी!"

सई हसायला लागली. मलाही हसू आलं. आम्ही रोज आळीपाळीनं बोललो होतो. डिस्कनंही त्याचा एक तुकडा, माझा एक तुकडा, पुन्हा त्याचा, असं पुढच्या पुढच्या मोकळ्या जागेत टाकत नेलं होतं. श्रीधर हसला तर त्याच्या घशातून नुसती हवा येते. ती आली. मग त्यानं हातानं ती बंद करायची खूण केली. हे असलं कालवण ॲपला देऊन उपयोग नव्हता. हातानं कापायचं तर बोलता बोलता शब्दाच्या मध्येच तुकडा बदलत होता, आणि पुढं पुढं तर तिसऱ्याच कसल्या फायली घुसल्या होत्या.

"पत्ते पाह्यजेत," मी म्हणालो. "त्याच्या तुकड्यांचे पत्ते तर गेले. नंतरच्या विंडोजची डिस्क असती तर फायलीच्या नोंदीतच सगळे पत्ते सापडले असते. ह्या जुनीत नाय राहत."

श्रीधर घाईघाईनं लिहायला लागला. 'तुझी फाइल'. एवढं लिहून झालं आणि मला पुढचं कळलं. दुकानात असंच व्हायचं. त्यानं अर्धं बोलायचं आणि मी उठून कामाला लागायचं.

माझी फाइल मी पुसलेली नव्हती. तिचा तक्ता शाबूत होता. माझा कोणता तुकडा कुठं आहे ते सगळं तिथं लिहिलेलं. म्हणजे त्या पट्ट्यात जिथं जिथं मी आहे ती जागा वगळायची, इतर कुणाच्या फायली आहेत त्याही वगळायच्या, आणि मध्ये जे मोकळं दिसतं ते ओळीनं जोडायचं. तो श्रीधर.

ते करायला ती दुपार आणि पुढची दुपार गेली. त्यानं पाटीवर आकडे मांडायचे, मी ते भरायचे. भांडलो नाही असं नाही. एकदा त्यानं मला 'गाढवा' असं लिहून दाखवलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. काही तुकडे गेलेच होते. तो गेल्यावर दिवाळीपर्यंत मी त्या मशीनवर पत्रिका केल्या होत्या, त्या त्याच्या जागांवर बसल्या होत्या आणि मागाहून पुसल्याही होत्या. तिथं नुसती खरखर. पण बाकीचा श्रीधर सलग बोलत होता. आम्ही त्याचा शेवटचा धडा ऐकला, डीफ्रॅगची गरज नाही असं सांगणारा. संपल्यावर त्यानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. मी त्याला सांगितलं की आता असल्या डिस्कच राहिल्या नाहीत. नव्यांत काही फिरत नाही, तुकडे पडले तरी फरक पडत नाही, आणि पुसलं की ती आतून स्वतःच झाडून टाकते, मागाहून शोधायला काही ठेवत नाही. "तू पुसलंस ते जुन्या डिस्कवर, म्हणून वाचलास," मी म्हणालो. त्यानं लिहिलं, 'तुझ्या बावळट डिस्कवर.' बरं, म्हटलं.

सईनं सगळं पुण्याला नेलं, खोकणं-खाकरणं, चुकलेली वाक्यं, गल्लीतले हॉर्न हे सगळं सॉफ्टवेअरनं काढून टाकलं, आणि पुढच्या रविवारी ॲप घेऊन आली. मलाही बोलावलं. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. श्रीधरनं फोनवर टाइप केलं आणि बटण दाबलं.

"भानू, चहा दे," फोन म्हणाला.

आवाज त्याचाच होता, यात शंका नाही. स्वच्छ, गुळगुळीत.

आतून वहिनींनी विचारलं, "कोण आलंय गं, सई?"

सईनं त्यांना बाहेर आणलं, सगळं सांगितलं, पुन्हा ऐकवलं. वहिनींनी लक्ष देऊन ऐकलं. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. "अगदी बातम्या देतात तसं. आता फोनवर बँकेशी बोलता येईल तुम्हाला." आणि त्या चहा करायला आत गेल्या. श्रीधरनं फोन उलटा करून ठेवला. सई माझ्याकडे बघत होती. ॲपची चूक नव्हती. त्याला आम्ही धडे दिले होते, त्यानं धड्याचा आवाज शिकला. बायकोला हाक मारताना माणूस धडा देत नाही.

चहा घेऊन मी दुकानात आलो. त्या दुपारी मी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. सईनं साफ केलेली नव्हे, आम्ही जोडलेली मूळ फाइल लावली आणि कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकत बसलो. मी काय शोधत होतो ते मला माहीत होतं. ते असेलच याची खात्री नव्हती, आणि असलं तरी एखाद्या पत्रिकेखाली गेलं असेल अशी भीती होती.

एका ठिकाणी श्रीधर सांगत होता, "म्हणून डिस्कला प्रत्येक तुकड्यासाठी..." आणि थांबला. मागं घरघर सुरू झाली होती. आमचा पंखा. उकाड्यानं कावून वहिनींनी तो लावला होता. आणि श्रीधर, माइक विसरून, मान वळवून, लाडिक आणि वैतागलेला दोन्ही एकदम, म्हणाला, "भानूऽ! अगं, पंखा!"

लगेच पंख्याची घरघर मंदावत गेली आणि मागं माझंच हसणं लांबून ऐकू आलं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि रडलो. लाज वाटली नाही. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, कुणाला काय ऐकू जाणार?

त्यातला पहिला शब्द मी कापून वेगळा काढला. पंख्याची घरघर तशीच ठेवली. ती काढायला गेलो असतो तर त्याच्या आवाजाचं काहीतरी गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीनगरला जाऊन श्रीधरच्या फोनवर ती क्लिप घातली आणि पडद्यावर पहिल्याच जागी तिचं बटण करून दिलं. त्याला मी काही समजावलं नाही. "दाब," म्हणालो.

वहिनी आत होत्या. नळ चालू होता, गॅसवर काहीतरी रटरटत होतं.

त्यानं दाबलं.

"भानूऽ!"

"आले हो," आतून वहिनी म्हणाल्या. "दूध उतू जाईल, थांबा जरा."

नळ बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. श्रीधरचा हात फोनवर तसाच होता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, सांडशी हातात, आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले, वळल्या आणि परत स्वयंपाकघरात गेल्या.

"हं," त्या आतून म्हणाल्या, "आता हाक मारा परत."